इब्ने सीना : हकीम आणि औषधाचे माप

विसरवाडीत काय किंवा अन्यत्र काय, पोट दुखू लागले की घरातील वडीलधाऱ्या बायांचा हात प्रथम ओव्याच्या डब्याकडे जातो. आता त्याच ओव्याचे, पुदिन्याचे तेल लहान बाटलीत मिळते आणि वनस्पतीचे आहे, मग अपाय कसला, असे म्हणून ते न मोजता घेतले जाते. म्हणूनच इब्ने सीना यांच्या चरित्राकडे आपण लक्ष द्यावे.

बुखाऱ्याजवळील अफशना गावी हि. ३७० (इ.स. ९८०) मध्ये त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत झाले. सोळाव्या वर्षी ते रुग्ण तपासू लागले. त्यांच्या ‘अल-कानून फित्-तिब्ब’ या पाच खंडांच्या ग्रंथातील दुसरा खंड केवळ एकेरी औषधींना वाहिलेला आहे. त्यांच्या तत्त्वज्ञानातील काही मतांवर इमाम गझाली यांनी कठोर आक्षेप घेतले. वैद्यकातील त्यांचा अधिकार मात्र शतकानुशतके अबाधित राहिला. आपल्या जिल्ह्यात अक्कलकुवा येथे युनानी वैद्यक शिकवले जाते, तेही याच परंपरेतले.

अशा या हकिमांना अखेर पोटाच्याच विकाराने गाठले. अमीर अलाउद्दौला यांच्या स्वारीत असताना त्यांना कुलंज, म्हणजे आतड्यांचा तीव्र शूळ, जडला. सैन्याला माघार घ्यावी लागली तर आपण मागे राहू, या भीतीने त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना जखमा झाल्या. पुढे वायू सरावा म्हणून त्यांनी बस्तीत दोन दानिक अजमोदाचे बी घालण्यास सांगितले. उपचार करणाऱ्याने पाच दिरहम घातले. सहा दानिकांचा एक दिरहम; म्हणजे सांगितल्याच्या पंधरापट! जखमा चिघळल्या. हे चुकून झाले की हेतुतः, याचा निर्णय त्यांचे शिष्य जुझजानी यांनाही करता आला नाही.

वाचकहो, अजमोद विष नव्हे. तो स्वयंपाकघरातला मसाला आहे. घात केला तो मापाने. आता तेलाचा हिशेब पाहा. शंभर ग्रॅम ओव्यातून साधारण दोन ते चार ग्रॅम तेल निघते. म्हणजे एका ग्रॅम तेलात पंचवीस ते पन्नास ग्रॅम ओव्याचा अर्क साठलेला असतो. चिमूटभर ओव्याचा अनुभव बाटलीला लागू पडत नाही. लेकरांना, गरोदर स्त्रियांना किंवा पोटात व्रण असलेल्यांना असे तेल हकीम वा डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये.

प्रकृती काहीशी सुधारली, पण हमदानच्या वाटेवर दुखणे उलटले. तेव्हा त्यांनी उपचार थांबवले. चरित्रकार सांगतात की, त्यांनी तौबा केली, गुलाम मुक्त केले, धन गरिबांत वाटले आणि कुरआनपठणात दिवस घालवले. हि. ४२८ (इ.स. १०३७) च्या रमजानमध्ये हमदान येथे त्यांचे निधन झाले.