डॉ. विल्यम कोली आणि ज्वराची लस

1890 सालच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमधील 28 वर्षांच्या एका शल्यविशारदाकडे उजव्या हाताच्या दुखण्याची तक्रार घेऊन एक मुलगी आली. वय सतरा-अठरा. त्या उन्हाळ्यात आगगाडीच्या प्रवासात तिचा हात आसनांच्या फटीत चेमटला होता. दुखापत किरकोळ होती. पण सूज उतरेना आणि वेदना दिवसेंदिवस वाढत चालली. निदान झाले ते सार्कोमा या कर्करोगाचे. कोपराखाली हात कापण्यात आला, तरीही रोग सर्वांगात पसरला आणि जानेवारी 1891 मध्ये तिचा अंत झाला. त्या काळात जे करता येणे शक्य होते ते सर्व करूनही रुग्ण हातचा गेला, ही गोष्ट त्या तरुण शल्यविशारदाच्या मनातून कधीच गेली नाही. त्याचे नाव विल्यम ब्रॅडली कोली.

कोली यांचा जन्म 12 जानेवारी 1862 रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे झाला. येल विद्यापीठात अभिजात भाषांचा अभ्यास करून ते 1884 साली पदवीधर झाले आणि दूरच्या पोर्टलँड शहरात जाऊन दोन वर्षे शाळेत लॅटिन व ग्रीक शिकवू लागले. पुढे हार्वर्डमधून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली खरी, परंतु जुन्या कागदांत डोके घालून बसण्याची शिक्षकी सवय सुटली नाही. पुढचा सारा इतिहास या सवयीतूनच घडला.

मुलीच्या मृत्यूनंतर कोली रुग्णालयाचे जुने दप्तर चाळू लागले. सार्कोमाच्या एकामागून एक नोंदींचा शेवट मृत्यूतच होत होता. एक नोंद मात्र निराळी निघाली. मानेवर गाठ असलेला एक जर्मन स्थलांतरित. गाठ काढावी आणि ती पुन्हा उगवावी, असे अनेकदा झालेले. अखेर डॉक्टरांनी आशा सोडली असतानाच जखमेत विसर्प, म्हणजे आपल्या लोकभाषेतील धावरे, उठले. कडक ज्वर चढला, त्वचा लालबुंद झाली आणि त्याच वेळी गाठ विरघळू लागली. ज्वर उतरला तेव्हा गाठ नाहीशी झाली होती. हा मनुष्य पुढे जगला की गेला, हे दप्तरात नव्हते. कोली त्याला शोधत न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील दारोदार हिंडले आणि तो सापडला. सुमारे सात वर्षे लोटली होती. मानेवर व्रण होता, रोगाची खूण नव्हती.

जे निसर्गाने योगायोगाने केले, ते वैद्याने हेतुपुरस्सर करून पाहावे काय? मरणोन्मुख रुग्णाला आणखी एक जीवघेणा आजार देण्याचे हे धाडस होते. जर्मनीत बुश आणि फेलायझेन यांनी असे प्रयोग केलेले होते. 1891 च्या मे महिन्यात कोली यांनी घसा व मानेतील गाठींमुळे घास गिळणेही अशक्य झालेल्या एका इटालियन रुग्णाला विसर्पाचे जिवंत जंतू टोचले. कित्येक महिने मनासारखा ज्वर येईना. ऑक्टोबरमध्ये अधिक जहाल जंतू मिळाले आणि रुग्ण मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आला; परंतु मानेची गाठ फुटून वाहून गेली. तो माणूस पुढे सुमारे आठ वर्षे जगला.

इतर रुग्णांचे दैव असे नव्हते. काहींना ज्वरच आला नाही, तर दोघे विसर्पानेच दगावले. कोली यांनी हे मृत्यू लपवले नाहीत. 1893 साली प्रसिद्ध केलेल्या दहा रुग्णांच्या वृत्तांतात यशाबरोबर अपयशही आहे. जिवंत जंतूंचा मार्ग सोडून त्यांनी दोन जातींचे जंतू उष्णतेने मारून त्यांचे मिश्रण सिद्ध केले. पुढे ते ‘कोलीचे विष’ म्हणून ओळखले गेले. आजच्या भाषेत ही उपचारात्मक लस होती: रोग होऊ नये म्हणून टोचायची नव्हे, तर झालेल्या रोगाविरुद्ध शरीराचेच सैन्य जागे करण्यासाठी. जानेवारी 1893 मध्ये पोटात भलीमोठी गाठ असलेल्या एका तरुणाला ती देण्यास आरंभ झाला. मात्रा हळूहळू वाढवली, प्रत्येक वेळी थंडी वाजून ज्वर चढे. काही महिन्यांत गाठ गेली आणि तो तरुण त्यानंतर 26 वर्षे जगला.

तरीही वैद्यकजगत कोली यांच्या बाजूने उभे राहिले नाही. याचे खापर केवळ विरोधकांच्या माथी फोडणे योग्य होणार नाही. या मिश्रणाचे डझनाहून अधिक प्रकार वेगवेगळ्या काळी प्रचारात होते, त्यांचे सामर्थ्य एकसारखे नव्हते, मात्राही ठरलेली नव्हती. एका डॉक्टरच्या हाती गुण येई, दुसऱ्याच्या येत नसे. ज्यांना लस दिली नाही अशा रुग्णांशी रीतसर तुलनाही झाली नाही. शिवाय त्याच सुमारास क्ष-किरण आणि रेडियम आले. त्यांचा परिणाम मोजता येत होता आणि तो बहुतेकांच्या हातून सारखा होत होता. मेमोरियल रुग्णालयातील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग हे किरणोपचाराचे पुरस्कर्ते, तर कोली यांच्या पद्धतीचे कडवे टीकाकार. एकाच छताखाली दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला. 16 एप्रिल 1936 रोजी कोली निवर्तले, तेव्हा त्यांची पद्धत मागे पडत चालली होती. 1965 साली तर अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ती अप्रमाणित उपचारांच्या यादीत घातली.

वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून कागद चाळणाऱ्या हेलन कोली नॉट्स या कन्येच्या हाती त्यांचा पत्रव्यवहार लागला आणि चरित्र बाजूलाच राहिले. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या या बाईंनी सुमारे एक हजार रुग्णांची माहिती जुळवली. कोणती मात्रा, किती काळ, पुढे काय झाले, अशी छाननी केली. वडिलांच्या हातून जे राहून गेले होते ते हेच. 1953 साली त्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली.

1970 च्या सुमारास अमेरिकी शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या गाठींत बीसीजी लस टोचली. आपल्या अनेकांच्या दंडावर जिचा व्रण आहे तीच ही लस. टोचलेल्या गाठी बऱ्याचदा विरल्या, पण पुढे रीतसर तुलना करून घेतलेल्या चाचण्यांत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. 2015 साली मात्र त्वचेतील मेलानोमाच्या गाठींत टोचण्यासाठी, जनुकीय बदल केलेल्या एका जिवंत विषाणूला अमेरिकेत मान्यता मिळाली. तुलनात्मक चाचणीची पायरी ओलांडून आलेला हा उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाला सांगून ठेवावे लागते, की थंडी वाजून ताप येण्याचा संभव आहे.