हिरवी पट्टी कुणाची? शहीद कुर्बान हुसेन आणि आपला तिरंगा

१५ ऑगस्ट जवळ आला की वर्गात आम्ही झेंड्याचं चित्र काढायला देतो. दर वर्षी एखादं मूल तरी हिरव्या पट्टीवर बोट ठेवून सांगतंच, की हा रंग आपला. लगेच दुसरं मूल केशरी रंगावर हक्क सांगतं. मधला पांढरा बिचारा कुणाच्याच वाट्याला येत नाही. यात मुलांचा काय दोष? घरात, गल्लीत, मोबाईलवर जे कानावर पडतं तेच ती बोलतात. अशा वेळी आम्ही फळ्यावर एक तारीख लिहितो, १२ जानेवारी १९३१, आणि सोलापूरच्या अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांची गोष्ट सांगतो. आज तीच गोष्ट आपल्या वाचकांसाठी.

बीडहून सोलापूर काही फार लांब नाही. धुळे-सोलापूर हायवेने तुळजापूर मागे टाकलं की सोलापूर आलंच. पण तेव्हा हा रस्ता दोन राज्यांतून जायचा. आपलं बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक आजही तिला जुनी मिल म्हणतात. पुढे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळी गावांतून आणि निजाम हद्दीतून पोटासाठी माणसं तिकडे जायला लागली. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी उर्दू अशा चारही बोली भोंगा वाजला की एकाच गेटातून आत जायच्या.

अशा या गावात १९१० मध्ये कुर्बान हुसेन यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती गरिबीचीच होती. लहान वयातच ते गिरणीत कामाला लागले. तिथे कामगारांचे हाल त्यांनी स्वतः पाहिले आणि भोगलेही. कामगारांनी एकत्र यावं, संघटना करावी, यासाठी ते धडपडू लागले. आपल्या मोहल्ल्यात आजही असे तरुण असतात. हातात पैसा नसतो, पण कुणावर अन्याय झाला की सगळ्यात आधी तेच धावतात.

कुर्बान हुसेन यांच्याकडे आणखी एक हत्यार होतं, ते म्हणजे लेखणी. त्यांनी ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवलं. उर्दू जाणणाऱ्यांना माहीत आहे, गझनफर म्हणजे सिंह. विशीही न ओलांडलेला गिरणी कामगार सिंहाच्या नावाने पेपर काढतो, हीच गोष्ट त्यांच्या हिमतीबद्दल पुरेसं सांगते. परकीय सत्तेविरुद्ध उभं राहावं, हिंदू-मुसलमानांनी एक व्हावं आणि कष्टकऱ्याला त्याचा हक्क मिळावा, यासाठी त्यांनी आपली लेखणी आणि वाणी वापरली.

आता त्या काळच्या झेंड्याबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हाचा झेंडा आजच्यासारखा नव्हता. १९२१ मध्ये बेझवाडा इथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना एक नमुना दाखवला होता. त्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते. लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, असा त्याचा अर्थ सांगितला जायचा. बाकीच्या जमातींसाठी गांधीजींनी पांढरा रंग घालायला सांगितला. वर पांढरी, मध्ये हिरवी, खाली लाल पट्टी आणि त्यावर चरखा, असा तो झेंडा तयार झाला. म्हणजे आज आमच्या वर्गातली मुलं जी वाटणी करतात, ती त्या झेंड्यात खरोखरच होती. चरखा तेवढा सगळ्यांचा होता.

हाच झेंडा १९३० मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेवर चढला. दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, त्याच दिवशी, ६ एप्रिलला, अण्णासाहेब भोपटकर यांनी तो फडकावला. इंग्रजी राज्यात, सरकारच्या डोळ्यांदेखत, नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज! सोलापूरकर आजही हे अभिमानाने सांगतात.

मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. हरताळ, मिरवणुका, सभा सुरू झाल्या. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. पोलिसांनी धरपकड केली, गर्दी वाढली आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण शहीद झाला. हातात झेंडा घेऊन तो पुढे गेला होता, असं सोलापूर सांगतं. त्यानंतर जमाव बेभान झाला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळण्यात आली आणि त्यात पोलीस मारले गेले. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्या लढ्याचा मार्ग अहिंसेचा होता, त्याला लागलेला तो डाग होता.

घाबरलेले अधिकारी शहर सोडून गेले. ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य उरलंच नाही. शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या साथीदारांनी शहराची व्यवस्था सांभाळली. देश स्वतंत्र व्हायला अजून सतरा वर्षं होती, पण सोलापूरने तीन दिवस स्वातंत्र्य पाहून घेतलं.

१२ मे रोजी लष्कर आलं आणि मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत राहिला. त्या दिवसांत झेंडा हातात दिसणं हाच गुन्हा ठरला. कापडाचा एक तुकडा बाळगला म्हणून लोकांना सक्तमजुरी झाली. आज पाच-दहा रुपयांत चौकात झेंडा विकत मिळतो, तेव्हा या गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे.

पोलिसांच्या हत्येचा ठपका चार जणांवर ठेवून त्यांच्यावर खटला चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. नावं नीट वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान. सोलापूरच्या जनतेने हा आरोप मनातून कधीच मान्य केला नाही. हे चौघे लोकांना उभं करत होते, म्हणून सरकारच्या डोळ्यांत सलत होते, हीच तिथली भावना राहिली. अपिलं झाली, धावाधाव झाली, पण शिक्षा बदलली नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांनाही फाशी देण्यात आलं. कुर्बान हुसेन यांचं वय होतं जेमतेम एकवीस. आपल्याकडे या वयाची मुलं डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असतात. नाव कुर्बान होतं आणि जिंदगीही कुर्बान केली.

पण झेंड्याची गोष्ट इथे संपत नाही. खरं तर मुलांना सांगायची गोष्ट पुढेच आहे.

या फाशीनंतर तीन महिन्यांच्या आतच, एप्रिल १९३१ मध्ये, काँग्रेसने कराचीत झेंड्यासाठी सात जणांची समिती नेमली. त्यात मौलाना अबुल कलाम आझाद होते, सरदार पटेल, पंडित नेहरू आणि मास्टर तारासिंग होते, आपल्या मराठी मुलखातले काका कालेलकरही होते. रंगांवरून जमातींच्या वाटण्या होतात, कुणाला आपला रंग हवा असतो, कुणाला तो अपुरा वाटतो, हा वाद मिटवायचा होता. शेवटी ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत नवा झेंडा मंजूर झाला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यावर चरखा. त्याच वेळी स्पष्ट करण्यात आलं, की यातला कोणताही रंग कोणत्याही जमातीचा नाही. केशरी हिंमत आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा.

पुढे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हेच तीन रंग स्वीकारले. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आलं. या अंतिम रूपाच्या तयारीत सनदी अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैय्या तय्यबजी यांचंही नाव घेतलं जातं. तेव्हाही रंगांना जमातीचा अर्थ दिला गेला नाही.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. कुर्बान हुसेन ज्या झेंड्याखाली लढले, त्यात त्यांच्या नावाची एक पट्टी मोजून दिलेली होती. पण ते काही एका पट्टीसाठी फासावर गेले नाहीत. धनशेट्टी, सारडा आणि शिंदे यांच्या सोबत, एकाच तुरुंगात, एकाच दिवशी गेले. वाटणी पुसायचा ठराव काँग्रेसने ऑगस्टमध्ये केला. या चौघांनी ती जानेवारीतच पुसली होती.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो, हिरवी पट्टी आपली म्हणू नका. तसं म्हणालात तर बाकीच्या दोन पट्ट्या तुम्ही स्वतःच्या हाताने सोडून देता. झेंडा आपला आहे तो पूर्ण, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. आणि कुणी आपल्याकडे वफादारीचा पुरावा मागितला तर चिडायचं नाही, खाली मानही घालायची नाही. वडिलोपार्जित घरात राहणारा माणूस रोज सातबारा दाखवत फिरत नाही. पण सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, हे घरातल्या पोरांना माहीत असायलाच हवं. आपली अडचण इथेच आहे. बीडमध्ये आपण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि मराठवाडा मुक्तीचा १७ सप्टेंबर, असे चार वेळा झेंड्याला सलाम करतो. तरी किती घरांत कुर्बान हुसेन हे नाव माहीत आहे?

१२ जानेवारीला शाळाशाळांत राजमाता जिजाऊंची जयंती होते. त्याच दिवशी या चार हुतात्म्यांचीही आठवण काढता येईल. एका कागदावर चार नावं लिहून लावायला खर्च येत नाही. सोलापूरला लग्नाला, दवाखान्याला जाणं होतंच. पुढच्या वेळी मुलांना चार पुतळा चौकात नक्की न्या, चारही पुतळ्यांखालची नावं त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि त्या रात्री घरी दुआसाठी हात उचलाल, तेव्हा एकवीस वर्षांच्या त्या गिरणी कामगाराची याद ठेवा. अल्लाह त्यांची कुर्बानी कबूल करो. आमीन.