रिचर्ड वॉलेसचं शस्त्रघर

लंडनला आमच्याकडे येणारे पाहुणे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी चुकवत नाहीत. ती आटोपली, की मी त्यांना जवळच्याच मँचेस्टर स्क्वेअरमध्ये नेतो. तिथं हर्टफर्ड हाउसमध्ये वॉलेस कलेक्शन आहे. तिकीट नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग पाय दुखत नाहीत! आत १४८० च्या सुमाराचं जर्मन चिलखत घातलेला स्वार आहे, खालचा घोडासुद्धा पोलादात मढवलेला. दुसरीकडे आपल्याकडच्या तलवारी, कट्यारी.

हे घर ज्याच्या नावानं ओळखलं जातं, त्याला ते नाव जन्मानं मिळालं नव्हतं. १८१८ मध्ये लंडनला जन्मला तेव्हा तो रिचर्ड जॅक्सन होता. आई अ‍ॅग्नेस; बापाचं नाव कधी उघड झालं नाही. लहानपणीच तो पॅरिसला हर्टफर्ड घराण्यात आला. चोविसाव्या वर्षी त्यानं आईचं माहेरचं आडनाव, वॉलेस, घेतलं. पुढं चौथ्या लॉर्ड हर्टफर्डचा सेक्रेटरी म्हणून लिलावांमध्ये त्याच्यासाठी बोली लावू लागला. स्वतःही जमवायचा, पण कर्ज झालं आणि १८५७ मध्ये आपला संग्रह विकायची पाळी आली.

१८७० मध्ये लॉर्ड वारला. पदवी दुसऱ्या नातेवाइकाकडे गेली, पण कलावस्तू आणि बरीच मालमत्ता या सेक्रेटरीला मिळाली. तेवढ्यात प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला. ज्यांना जमलं ते श्रीमंत निघून गेले. हा मात्र तिथंच राहिला. जखमींसाठी दवाखान्याचा खर्च उचलला, अडकलेल्या गरीब इंग्रजांना मदत केली. त्याच्या नावाचं एक बलून जानेवारी १८७१ मध्ये टपाल घेऊन उडालं, ते भरकटत अटलांटिकवर गेलं आणि परत आलंच नाही.

त्याच वर्षी त्यानं शस्त्रं घेतली. तिसऱ्या नेपोलियनचं राज्य बुडाल्यावर त्याचा कलाखात्याचा प्रमुख काउंट न्यूवेरकेर्क परागंदा झाला होता, त्याचा संग्रह वॉलेसकडे आला. घोडेस्वार त्यातलाच. संग्रह विकताना काय होतं, हे घेणाऱ्याला चांगलंच ठाऊक असणार. चिलखतांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या सॅम्युअल मेरिकच्या संग्रहातल्याही काही वस्तू त्यानं मिळवल्या. तो संग्रह इंग्रज सरकारला देऊ केला होता, त्यांना नको होता!

पॅरिसला ५० पाणपोया देऊन वॉलेस लंडनला आला. हर्टफर्ड हाउसचं काम चालू होतं तोवर, १८७२ ते १८७५, त्यानं आपला संग्रह बेथनल ग्रीनमध्ये लोकांना दाखवला. पूर्व लंडनमधली ही कामगारवस्ती. पण बघायला झुंबड उडायची. (त्या इमारतीत आता मुलांचं म्युझियम आहे.) पुढं घरी भिंतीभर शस्त्रं लागली. जेवणानंतर मित्रमंडळी टाइल्स लावलेल्या स्मोकिंग रूममध्ये गप्पांना बसत. येणाऱ्यांच्या सह्यांसाठी वहीही ठेवलेली असे.

त्याला सर ही पदवी मिळाली, पण मुलाकडे ती जाणार नव्हती. कारण मुलगा लग्नाआधीचा. ज्युलीशी लग्न झालं १८७१ मध्ये. स्वतःच्या जन्माचीच गोष्ट पुन्हा घरात आली. १८८७ मध्ये मुलगाही गेला. वॉलेस एकटाच पॅरिसला परतला आणि १८९० मध्ये तिथंच वारला.

ज्युली तरुणपणी पॅरिसमध्ये अत्तराच्या दुकानात काम करायची. १८९७ मध्ये मरताना तिनं घरातला मुख्य संग्रह ब्रिटिश जनतेला दिला. एक अट अशी, की तो एकत्र राहावा. १९०० मध्ये म्युझियम उघडलं. मागच्या खेपेला आमच्या भाच्यानं तिथं नकली शिरस्त्राण डोक्यावर घातलं आणि ते काढायलाच तयार होईना.