सुरतेचे मास्तर दादोबा पांडुरंग



व्याकरणाच्या तासाला वर्गात जांभया येतात हे आम्हाला चांगले माहीत आहे. पण मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते दादोबा पांडुरंग आपल्या या सुरतेत शिक्षक होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देत आहोत.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे अग्रणी झाले.

१८३६ साली, म्हणजे अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याआधी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले होते, पण ते इंग्रजीत, इथे येणाऱ्या साहेबांसाठी. मराठी मुलाला स्वतःची भाषा तिच्याच शब्दांत समजावून सांगायची, हे काम अवघड होते. दादोबांपुढे एका बाजूला संस्कृत व्याकरण होते, दुसऱ्या बाजूला इंग्रजी व्याकरणाचा साचा. दोन्हींतून त्यांनी मराठीला बसेल ते घेतले.

हे काम किती नाजूक आहे ते आम्ही स्वतः अनुभवले आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत नपुंसकलिंग नाही, पुस्तक स्त्रीलिंगी. त्यामुळे नोकरीच्या सुरुवातीला आम्ही भर वर्गात चांगली पुस्तक असे म्हणालो आणि चौथीची मुले खो खो हसली. त्यांना गल्लीत गुजराती सारुं पुस्तक रोज ऐकू येत होते, म्हणून त्यांचे लिंग बरोबर, आमचे चुकलेले! सर्वनामांचेही तेच. हिंदीत एक हम सर्व भागवतो. मराठीत ऐकणारा बरोबर असेल तर आपण, नसेल तर आम्ही. गुजरातीतही आपणे आणि अमे वेगळे आहेत. एकदा पालकसभेत आम्ही सहलीला जाणार असे म्हणायचे ते आपण सहलीला जाणार म्हणालो, तर काही पालकांनी स्वतःचेही पैसे आणून दिले.

आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या फ्रेंच शिकत आहे. तिथेही नामाप्रमाणे विशेषण बदलते, मात्र लिंगे दोनच. नकार क्रियापदाच्या पुढे-मागे दोन तुकड्यांत येतो, आणि आम्ही-आपण दोघांना एकच नू. नाही, नको, नव्हे यांतला फरक मुलांना जागेवर दाखवता आला तर परकी भाषा तिला सोपी जाते तशी सर्वांना जाईल, असे आमचे मत आहे.

असो. दादोबा १८४० नंतरच्या काळात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. येथे त्यांची गाठ गुजराती शाळेचे दुर्गाराम मेहताजी यांच्याशी पडली. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी मित्रांसह मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, माणसांची जात एक, असा तिचा विचार. भूत उतरवणाऱ्या मांत्रिकांना सभेने उघड आव्हान दिले. एक मराठी मास्तर आणि एक गुजराती मास्तर, दोघे सरकारी नोकर, आणि सारे शहर पाहत असताना हे धाडस! १८४६ साली दादोबा मुंबईला शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गावर गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा थंडावली.

मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. तिच्यामागे दादोबांचेच विचार होते, पण ती गुप्त होती. त्यांचा धर्मविवेचन हा ग्रंथही १८६८ साली टोपणनावाने छापला गेला. सुरतेत उघड बोललेला माणूस मुंबईत झाकून का वागला, हा प्रश्न आम्हाला खटकतो. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे मुलाबाळांचे लग्नकार्य अडणे, हेही विसरता येत नाही.

पुढे ते नगरला डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. व्याकरण मात्र सुटले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या पुस्तकावर कडक टीका केली, तरी दादोबा ते सुधारत, वाढवत राहिले. मोरोपंतांच्या केकावलीवरील आपल्या टीकेला त्यांनी आईवडिलांच्या नावांवरून यशोदापांडुरंगी असे नाव दिले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे आत्मचरित्र १८४६ पर्यंतच येते. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली प्रसिद्ध केले. आपल्या ग्रंथालयात त्याची एक जुनी प्रत आहे, पाने सुटी झाली आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांनी शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन तिथेच बसून वाचावी, घरी मिळणार नाही.