एडविन लॉर्ड वीक्स : राजांपेक्षा न्हावी बरे

परदेशी चित्रकाराने रंगवलेला हिंदुस्थान म्हटला की माझ्या मनात आधी शंका येते. हत्ती, अंबारी, राजे आणि फकीर यांपलीकडे ही मंडळी सहसा जात नाहीत. एडविन लॉर्ड वीक्स या अमेरिकन चित्रकारानेही हे सारे काढले आहे. तरीही त्याच्याविषयी लिहावेसे वाटले, ते त्याच्या न्हाव्यांमुळे व दुकानदारांमुळे.

वीक्सचा जन्म १८४९ साली बोस्टन येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. पॅरिसला लेआँ बोना यांच्या हाताखाली तो शिकला आणि पुढे पॅरिसचाच झाला. मोरोक्कोत पुष्कळ भटकल्यावर १८८२ साली तो प्रथम भारतात आला. आपल्या कर्जतवरून बोरघाट चढणारा लोहमार्ग पुरा होऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या प्रवाशाला देश पाहणे आता अवघड राहिले नव्हते. मुंबईचे रस्तेही त्याने रंगवले.

त्याची रीत अशी, की इथे रेखाटने करायची, छायाचित्रे घ्यायची आणि भव्य चित्र पॅरिसच्या चित्रशाळेत पुरे करायचे. काशीच्या गंगेतून मरणोन्मुख फकिराला नेणारी होडी त्याने १८८५ च्या पॅरिस सलोंमध्ये मांडली. तिचे कौतुक झाले. मला मात्र ती जरा नाटकी वाटते. त्याच्या मोगल बादशहांच्या मिरवणुकींबद्दलही माझे हेच मत आहे. बादशहा काही त्याने पाहिला नव्हता!

याउलट अहमदाबादच्या कोरीव सागवानी इमारतीपुढे पेट्या विकणारा कारागीर पाहावा, किंवा लाहोरची उघड्यावरची खाणावळ. इथे ऊन खरे आहे आणि माणसे आपापल्या कामात आहेत. सहारनपूरचे न्हावी तर आपल्या आठवड्याच्या बाजारात झाडाखाली बसणाऱ्या न्हाव्यांचे सख्खे भाऊबंद शोभतील.

१८९२ चा प्रवास कठीण ठरला. लेखक थिओडोर चाइल्ड या मित्राबरोबर तो इराणमार्गे निघाला. चाइल्ड वाटेतच आजारी पडून वारला. वीक्स एकटा पुढे आला. त्या प्रवासावर त्याने सचित्र पुस्तकही लिहिले. १८९६ साली फ्रान्सने त्याला लेजिओं द'ऑनर हा सन्मान दिला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. चित्रांच्या नावांत लाहोर, अहमदाबाद, सहारनपूर अशी गावे नेमकी येतात. त्या कारागिराचे किंवा एकाही न्हाव्याचे नाव येत नाही. तासन्‌तास निरखलेल्या माणसाला नाव विचारायला कितीसा वेळ लागला असता?

१९०३ साली वीक्स पॅरिसमध्येच निवर्तला. सहारनपूरचे न्हावी आता अमेरिकेत, ओमाहा शहरातील जॉस्लिन कलासंग्रहालयात आहेत.