शाळेत नाकारलेलं संस्कृत बाबासाहेब शिकलेच

येवला : १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात झालेली परिषद तालुक्यात कुणाला सांगावी लागत नाही. धर्म सोडण्याची घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथंच केली. दरवर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर गर्दी होते, भाषणं होतात. पण धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. म्हणजे मध्ये तब्बल २१ वर्षं गेली. या काळात राजकारण झालं, मंत्रिपद झालं, राज्यघटना झाली. आणि या सगळ्यासोबत वाचन चालू होतं. धर्म बदलायचा तर आधी तो मुळातून समजून घ्यायचा, हा त्यांचा हिशेब. मूळ ग्रंथ संस्कृतात आणि पालीत. आणि शाळेत तर त्यांना संस्कृत शिकूच दिलं नव्हतं.

वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत शिकवलेले. दोन्ही मुलांनी, आनंदराव आणि भीमरावांनी, संस्कृत घ्यावं अशी त्यांची फार इच्छा होती. आधी थोरल्याची वेळ आली. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवणार नाही म्हणून मास्तरांनी नकार दिला. पुढं भीमरावांच्या वाट्यालाही तेच आलं. दोघांना फारसी घ्यावी लागली. आज दहावीला मार्क चांगले पडतात म्हणून पोरं संस्कृत घेतात. तेव्हा ते घ्यायला जात आडवी यायची.

साताऱ्याच्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात तरी वेगळं असेल असं वाटलं होतं. एकदा मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. फळ्याच्या मागं पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले. याचा स्पर्श होईल म्हणून सगळी धावली, डबे बाजूला काढले, आणि मग कुठं भीमराव फळ्यापर्यंत पोचले.

घरचा अभ्यास मात्र पक्का होता. परळच्या चाळीतली एकच खोली, त्यात सगळं कुटुंब. रामजी पोराला पहाटे दोनला उठवायचे, कारण त्याआधी खोलीत शांतता नसायची. तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं त्यांनी पोराकडून घोटून घेतली. पुस्तकाला पैसे नसले की लेकीकडं जायचे, तिचा दागिना गहाण पडायचा. अशा घरातून भीमराव १९०७ ला मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या जमान्यात हा आकडा कुणी स्टेटसला ठेवणार नाही. पण तेव्हा त्यांच्या समाजात हे इतकं मोठं होतं की सत्कार झाला. त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र त्यांना भेट दिलं.

फारसी चांगली जमली होती, तेवढ्यावर भागलंही असतं. पण संस्कृतची खंत त्यांनी मनातून जाऊ दिली नाही. फारसीत काव्य आहे, संस्कृतात मात्र तत्त्वज्ञान, तर्क, नाटक, टीका सगळंच आहे, असं ते पुढं मोकळेपणानं सांगत.

परदेशातही घाई केली नाही. कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं, मग लंडन. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी १९२२ ला लंडनमध्ये दिला, तर परीक्षकांनी तो परत लिहायला सांगितलं. पैसे संपत आलेले. ते मुंबईला आले, प्रबंध नव्यानं लिहून १९२३ च्या ऑगस्टमध्ये परत पाठवला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली.

संस्कृतला शाळा नव्हती, परीक्षा नव्हती, गुणपत्रिकाही नव्हती. थोडं स्वतः पुस्तकावरून, थोडं पंडितांच्या मदतीनं ते शिकत गेले. दादरला राजगृह बांधलं तेच मुळी पुस्तकांसाठी.

१९४६ ला शूद्र मूळचे कोण, यावर त्यांचा ग्रंथ आला. याला संस्कृत कुठं येतं, असं लोक म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून प्रस्तावनेतच त्यांनी उत्तर देऊन टाकलं. संस्कृतवर प्रभुत्व आहे असा दावा नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं. पण हे वाङ्मय इंग्रजी भाषांतरातून का होईना, १५ वर्षं अभ्यासलंय, तेवढी तयारी या विषयाला पुरेशी आहे, असंही बजावलं. एवढ्या मोठ्या माणसानं आपली कच्ची बाजू स्वतःच्या पुस्तकात छापावी, ही गोष्ट साधी नाही.

१९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीत राजभाषेवर वाद पेटला होता. तेव्हा संस्कृतला केंद्राची राजभाषा करा, अशी दुरुस्ती सुचवणाऱ्यांत बाबासाहेबांचंही नाव होतं. ज्या भाषेच्या वर्गाबाहेर ठेवलं, तिच्यासाठीच! ती दुरुस्ती काही मंजूर झाली नाही.

बुद्धाकडं वळल्यावर पालीही आलीच. मधुमेहानं शरीर खचत होतं, नजर अधू झाली होती, तरी लिखाण चालू राहिलं. बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले आणि ग्रंथ १९५७ ला छापून आला. पालीचं व्याकरण आणि शब्दकोशही त्यांनी तयार करून ठेवला होता, पुढं शिकणाऱ्यांसाठी. तो महाराष्ट्र शासनानं त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापला आहे.