म्हाइंभट : स्मृतीचा संग्राहक आणि गावांचा पहिला नोंदकार

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आज ह्या जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात मोडणारे सौंदड हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले असून गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ते एक स्थानकही आहे. भाताची शेती, तलाव आणि झाडीबोली ही ह्या प्रदेशाची ओळख होय. अशा गावांना बखर नसते. राजधानी, किल्ला किंवा मोठे देवस्थान ह्यांच्या आश्रयाने जो लिखित इतिहास निर्माण होतो, तो त्यांच्या वाट्याला येत नाही. कोणता तलाव कोणी बांधला, बाजार कोठे भरत असे, कोण कोठून येऊन वसले, ह्या गोष्टी जुन्या माणसांच्या बोलण्यात असतात आणि त्या माणसांबरोबरच जातात. अशा स्मृतीला इतिहासाचे साधन मानावे काय, आणि मानल्यास ती कशी टिपावी, हा प्रश्न आधुनिक अभ्यासकांपुढे आहे. मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळीच एका पंडिताने त्याचे उत्तर कृतीने देऊन ठेवले आहे. तो पंडित म्हणजे ‘लीळाचरित्रा’चे कर्ते म्हाइंभट. त्यांच्याकडे आद्य गद्यकार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. त्यांच्या आयुष्याकडे स्मृतिसंग्राहकाचे आयुष्य म्हणून पाहिल्यास त्या गद्याच्या निर्मितीचे मर्म अधिक स्पष्ट होते.

असंख्य माणसांच्या आयुष्यातील प्रसंग नोंदविणाऱ्या म्हाइंभटांचा स्वतःचा जन्मशक मात्र कोणी नोंदविलेला नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या परिसरातील सराळे हे त्यांचे गाव. ते जातीने ब्राह्मण, शास्त्राध्ययनात निष्णात आणि घरचे संपन्न होते. यादवकालीन महाराष्ट्रात विद्वत्तेची भाषा संस्कृत होती आणि तिची कसोटी वादसभेत लागत असे. प्रतिपक्षाचे खंडन करून आपला सिद्धांत स्थापणे हे पंडिताचे कर्तृत्व मानले जाई. म्हाइंभट ह्या परंपरेत वाढले होते. महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा तो काळ होता. देवगिरीच्या दरबारात हेमाद्रीसारखा करणाधिप व्रतवैकल्यांच्या शास्त्राची प्रचंड मांडणी करीत होता. अशा वातावरणात एखाद्या शास्त्रज्ञ ब्राह्मणाने खेड्यातील माणसांचे बोलणे लिहून घेण्यात आयुष्य घालवावे, हे कोणाच्या कल्पनेतही येण्याजोगे नव्हते.

म्हाइंभटांच्या जीवनाला वळण लागले ते श्रीचक्रधरांच्या भेटीने. गोदावरीच्या काठी डोमेग्राम म्हणजे आजचे कमालपूर येथे श्रीचक्रधरांचे वास्तव्य होते. तेथे म्हाइंभट आले ते वादाच्या तयारीने. गणपती आपयो ह्या विद्वानाचाही त्या काळातील चर्चांशी संबंध आहे. शास्त्राच्या आधाराने केलेल्या प्रश्नांना तेथे अनुभवाच्या आणि रोजच्या दृष्टांतांच्या भाषेत उत्तरे मिळाली, आणि तीही मराठीत. म्हाइंभटांचा विद्याभिमान गळाला, असे परंपरा सांगते. पंडिताचा पराभव आणि त्याचे शिष्यत्व हा संतचरित्रांतील नेहमीचा साचा आहे. परंतु येथे त्याचा परिणाम साच्याबाहेर गेला. म्हाइंभटांनी विद्या टाकली नाही, तिचा विषय बदलला. ग्रंथातील शब्दाचा नेमका अर्थ लावण्यासाठी जी काटेकोर बुद्धी त्यांनी कमावली होती, ती पुढे एखाद्या वृद्धेने सांगितलेल्या आठवणीतील नेमका शब्द जपण्याच्या कामी आली.

शके ११९६ म्हणजे १२७४च्या सुमारास श्रीचक्रधरांचे उत्तरापंथे गमन झाले. शिष्यपरिवार रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आला. नागदेवाचार्य तथा भटोबास ह्यांच्याकडे पंथाचे नेतृत्व आले. रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या देवळात नागदेवाचार्य श्रीचक्रधरांच्या लीळांचे एकांतात स्मरण करीत असत. हे स्मरण त्यांच्यापुरते राहिले तर पुढच्यांना त्याचा लाभ होणार नाही, हे म्हाइंभटांच्या ध्यानी आले, आणि त्या लीळा लिहून ठेवण्याची अनुज्ञा त्यांनी मागितली. अनुज्ञा मिळाली. नागदेवाचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. ‘लीळाचरित्रा’चा आरंभ असा झाला. ह्या आरंभामागची जाणीव अगदी साधी आहे. सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत आणि विलंब परवडणारा नाही, ही ती जाणीव.

नागदेवाचार्यांना जे ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी म्हाइंभट प्रत्यक्ष साक्षीदारांकडे गेले. श्रीचक्रधरांचे भ्रमण मोठे होते. साताऱ्यापासून भंडाऱ्यापर्यंतचा प्रत्येक तपशील एकाच व्यक्तीला माहीत असणे शक्य नव्हते. महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधे अशा स्त्रिया, तसेच निरनिराळ्या गावी विखुरलेले भक्त ह्यांना गाठून, त्यांच्याकडून ऐकून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून त्यांनी शेकडो लीळा जमविल्या. महदाइसा ही ‘धवळे’ रचणारी आद्य मराठी कवयित्री; तिच्या जिज्ञासेमुळे अनेक प्रसंगांतील संवाद टिकून राहिले. ज्या समाजात स्त्रीला शास्त्राधिकार नव्हता, तेथे तिची साक्ष प्रमाण धरून ग्रंथ रचणे हा त्या पद्धतीचा सर्वांत धाडसी भाग म्हणावा लागेल.

ह्या साक्षीची साखळी किती लांब असू शकते, हे भंडाऱ्याच्या लीळेवरून दिसते. सौंदडहून महामार्गाने पश्चिमेकडे निघाल्यास साकोली आणि लाखनी ओलांडल्यावर भंडारा लागते. श्रीचक्रधर आपल्या एकाकी भ्रमणाच्या काळात ह्या गावी आले, आणि तेथील नीळभट्ट सर्वस्व सोडून त्यांच्या मागे निघाले. पंथात ते भांडारेकार ह्या गावाच्या नावानेच ओळखले जातात. परंतु म्हाइंभट लेखणी हाती घेण्याच्या कितीतरी आधीच, श्रीचक्रधरांच्या हयातीत, नीळभट्ट दिवंगत झाले होते. तेव्हा हा प्रसंग पुढे श्रीचक्रधरांनी शिष्यांना सांगितला, शिष्यांनी तो स्मरणात ठेवला आणि त्यांच्याकडून तो म्हाइंभटांच्या पोथीत आला. ‘एकांक’ ह्या विभागाचे स्वरूपच असे आहे. तो एकांतातील आयुष्याचा भाग असल्याने त्याला चरित्रनायकाखेरीज दुसरा साक्षीदार बहुधा नाही. पुढील ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ ह्यांत साक्षीदार वाढत जातात आणि कथनही भरीव होत जाते. ग्रंथाची रचना अशा रीतीने साधनांच्या स्वरूपाला अनुसरते.

म्हाइंभटांनी माणसाबरोबर स्थळही नोंदविले. प्रसंग कोणत्या गावी घडला, मुक्काम कोणत्या देवळात होता, वाट कोणत्या दिशेने गेली, भिक्षेत काय मिळाले, वस्त्र कसले होते, व्यवहार किती दामांचा झाला, असे तपशील ते गाळीत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ते गौण आहेत; पण सांगणाऱ्याच्या स्मृतीत प्रसंग स्थळासकट राहतो, आणि स्थळ काढून घेतले की प्रसंगही निसटतो. ह्या निष्ठेमुळे तेराव्या शतकातील मराठी मुलखाचे लोकजीवन, त्याचे बाजार, सण, खेळ, अन्न आणि बोलीभाषा ह्यांचे दर्शन घडते. ताम्रपटातून दान दिलेल्या गावाच्या सीमा कळतात. त्या गावात सकाळी कोण काय करीत होते, हे ‘लीळाचरित्रा’तून कळते. चौदाव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘स्थानपोथी’ने हेच सूत्र पुढे नेले. श्रीचक्रधरांचे दीर्घ मुक्काम, रात्रीची वस्ती, क्षणभर बसण्याची आणि फिरण्याची ठिकाणे ह्यांचा निर्देश तीत अवस्थान, वसती, आसन, विहरण अशा संज्ञांनी गावोगावच्या देवळांच्या दिशा देऊन केलेला आहे. अनुयायांनी त्या जागी ओटे बांधले. ग्रंथातील आठवण पुन्हा गावच्या जमिनीवर उतरली.

ह्याच पद्धतीने लिहिलेले ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’ तर एका गावाचेच चरित्र वाटावे असे आहे. त्याचे कर्तृत्व परंपरेने म्हाइंभटांकडे जाते. श्रीगोविंदप्रभूंचे आयुष्य रिद्धपुरात गेले. मनाला येईल तेथे जाणारे, कोणाच्याही घरी खाणारे, मातंगांच्या वस्तीत शिरणारे, रागावणारे, खेळणारे हे सत्पुरुष गावकऱ्यांना कधी वेडे वाटत, तर कधी आईबाप. चरित्रकाराने हे वर्तन सभ्यतेच्या साच्यात बसविले नाही. त्यांच्याभोवती वावरणारे दुकानदार, कुणबी, सासुरवाशिणी आणि मुले त्यामुळे जशीच्या तशी राहिली.

ह्या संग्रहाची भाषा मराठी असणे हाही योगायोग नव्हे. पंथात संस्कृत जाणणारे पंडित होते; केसोबासांनी संस्कृतात रचनाही केली आहे. तथापि श्रीचक्रधरांनी आपल्याला मराठीतच उपदेश केला, आणि संस्कृतामुळे साध्या स्त्रिया त्याला मुकतील, ही नागदेवाचार्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. म्हाइंभटांच्या कामात ह्या भूमिकेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. साक्ष ज्या भाषेत मिळाली, त्याच भाषेत ती लिहिल्यास तिचा कमीत कमी विपर्यास होतो. मराठी गद्य असे साक्ष नोंदविण्याच्या गरजेतून सिद्ध झाले.

म्हाइंभटांच्या पोथीची खरी परीक्षा नंतर झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी, पंथाच्या इतिहासात खालशाची धाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आक्रमणात मूळ प्रत नष्ट झाली. एका आयुष्याचा परिश्रम गेला असे वाटावे, असा तो आघात होता. परंतु ज्या स्मृतीतून ग्रंथ जन्मला, तिनेच तो परत दिला. हिराइसेला लीळा मुखोद्गत होत्या. इतरांनीही आपापल्या पाठांतरातून त्या पुन्हा लिहिल्या. ह्या पुनर्लेखनात पाठभेद शिरणे अपरिहार्य होते. ते पुसून एकच पाठ रूढ करण्याऐवजी कोणाचा पाठ कोणता हे नावानिशी सांगण्याचा प्रघात पंथीयांनी पाळला. साक्षीदाराचे नाव जपण्याची म्हाइंभटांची शिस्त त्यांच्या ग्रंथाच्या नाशानंतरही त्यांच्या परंपरेत टिकली. पुढे सकळ लिपीच्या आवरणामुळे हे वाङ्मय शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे ह्यांनी त्या लिपीचा उलगडा केला. त्यानंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते ह्यांनी ‘लीळाचरित्र’ संपादून अभ्यासकांपुढे ठेवले.

ह्या कार्याच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. म्हाइंभट भक्त होते आणि त्यांचे साक्षीदारही भक्तच होते. श्रीचक्रधरांच्या विरोधकांची बाजू त्यांनी त्या विरोधकांकडे जाऊन विचारलेली नाही. चमत्काराच्या कथाही ते इतर प्रसंगांइतक्याच विश्वासाने नोंदवितात. ‘लीळाचरित्रा’चा उपयोग करणाऱ्या इतिहासकाराला ताम्रपट, शिलालेख आणि प्रत्यक्ष अवशेष ह्यांची जोड द्यावीच लागते. मात्र सांगणारा कोण आणि त्याचा प्रसंगाशी संबंध काय, हे कळत असल्याने श्रद्धेचा अंश किती, हे ठरविण्याचे साधनही ह्याच ग्रंथातून मिळते.

इंग्लंडमध्ये लेस्टर येथील विद्यापीठात स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग १९४८ साली उघडला गेला. सफक परगण्यातील ब्लॅक्सहॉल ह्या खेड्यातील वृद्ध शेतमजुरांच्या आठवणी जॉर्ज एवर्ट एव्हन्स ह्यांनी टिपल्या, आणि त्यांवरील त्यांचे पुस्तक १९५६ साली आले. यंत्रपूर्व शेतीचे ज्ञान शेवटच्या पिढीबरोबर जाणार, ही त्यांच्याही कामामागची निकड होती. दोन्ही प्रयत्नांचा काळ, धर्म आणि हेतू ह्यांत महदंतर आहे. तरीही शिक्षित माणसाने अशिक्षिताकडे जाऊन शिकण्याच्या वृत्तीने बसावे, ही अट दोघांनीही सारखीच पाळली.

महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूरची निवड केली, ह्यात म्हाइंभटांच्या श्रमाचा गौरव आहे. त्या श्रमाचे अनुसरण मात्र गावोगावी व्हावयाचे आहे. म्हाइंभटांच्या पोथीमुळे नीळभट्टांचे भंडारा साडेसातशे वर्षे स्मरणात राहिले. त्याच वाटेवर पूर्वेला असलेल्या सौंदडला असा लेखक लाभला नाही. सौंदडचे तलाव, रस्ता, लोहमार्ग आणि बाजार ह्यांच्या आठवणी आज जिवंत माणसांच्या मुखी आहेत, आणि त्या ज्या झाडीबोलीत सांगितल्या जातात तीही झपाट्याने पालटत आहे. त्या परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘लीळाचरित्र’ पाठ्यक्रमात भेटते. त्यातील लीळा अभ्यासताना तिची पद्धतही अभ्यासली गेली आणि ती आपल्या गावातील एखाद्या वृद्धेपुढे बसून वापरली गेली, तर सराळ्याच्या ह्या पंडिताचे चरित्र खऱ्या अर्थाने वाचले गेले असे म्हणता येईल.